झिरोचा बल्ब

(दृश्य: दिवेलागण. दाभोळची खाडी, परतणाऱ्या होड्या. काठावर चिऱ्याची, कौलारू घरं.)

गुहागर तालुक्यातली, खाडीच्या काठची ही वाडी. कोयनेचं पाणी पोफळीत वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि याच खाडीतून समुद्राला मिळतं. जवळ अंजनवेलला जवळजवळ दोन हजार मेगावॉट क्षमतेचा गॅसवरचा प्रकल्प आहे. वीजघरांचा असा शेजार, तरी वाडीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी ट्यूब नुसती लुकलुकत राहते. तारेच्या शेवटाला व्होल्टेजच उरत नाही.

जुन्या बल्बांच्या जागी एलईडी लावा, हे पटवायला आज वाडीतली पाच जणं घरोघर निघाली आहेत. बचत गटातल्या दोघी, एक वायरमन, कॉलेजातली दोन मुलं. पत्रकं वाटायची नाहीत, भाषण करायचं नाही, हे त्यांचं आधीच ठरलंय. कापडी पिशवीत चार बल्ब आहेत. सेकंद मोजायला मोबाइल.

(दृश्य: घराची पडवी. भिंतीवर मीटर, त्यावर बारीक लाल दिवा.)

पहिल्या घरात गेल्या गेल्या वायरमनदादा सगळी बटणं बंद करतात. फ्रिज, पंखा, टीव्ही, टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्ससुद्धा. मग माजघरातला जुना, साठचा बल्ब तेवढा लावतात. घरातली सगळी माणसं पडवीत मीटरसमोर उभी. लाल दिवा लुकलुकतो. एकोणीस सेकंदांनी पुन्हा.

या मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला आहे. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट.

आता त्याच होल्डरमध्ये नऊ वॉटचा एलईडी. माजघर पहिल्याएवढंच उजळलंय, पण मीटर गप्प. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. कुणीतरी म्हणतं, मीटर बंद पडला काय? दोन मिनिटं उलटल्यावर लाल ठिपका दिसतो.

दुकानात आपण ‘साठचा द्या’ म्हणतो, ते उजेडाचं माप समजून. साठ हा विजेचा खर्च. जुन्या बल्बमध्ये त्यातली बहुतेक वीज तार तापवण्यात जाते, उजेड होतो शंभरातल्या पाचेक भागांचा. हात लावून बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. उजेड किती, ते खोक्यावर लुमेनमध्ये लिहिलेलं असतं. गटातल्या वहिनी तोच आकडा बोट ठेवून दाखवतात.

(दृश्य: दुसरं घर. देवघर, कोनाड्यात लाल दिवा.)

इथं खरी गंमत आहे. आजी म्हणतात, “आमच्याकडं काय बघताय? रातभर नुस्ता झिरोचा असतो. त्याला कसली वीज लागतेय, बाय?”

बटणं बंद होतात. झिरोचा बल्ब एकटा जळतो आहे. आजी खुर्ची ओढून मीटरसमोर बसल्यात. तीस सेकंद. पन्नास. साठ. “बघ, सांगितलं न्हाय?” आणि सव्वा मिनिटाला मीटर लुकलुकतो.

नाव झिरो, काम पंधरा वॉटचं! जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भाराला हलायचीच नाही, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. संध्याकाळचे पाच तास जळणाऱ्या नऊच्या एलईडीला सव्वा ते दीड युनिट पुरतं. अर्ध्या वॉटचा छोटा एलईडी रात्रभर ठेवला तर महिन्याला पाव युनिटसुद्धा होत नाही. बिल शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. शंभरीच्या काठावर असलेल्या घराला हे चार युनिट तिथं बोचतात.

आजींना हिशोब पटला, रंग पटला नाही. “पांढऱ्या उजेडात देव परके दिसतात.” त्यांचं बरोबर आहे. म्हणून पिशवीत पिवळसर उजेडाचाही बल्ब असतो. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं, तो.

तक्रारीही ऐकाव्या लागतात. बिननावाचे बल्ब दोन महिन्यांत मान टाकतात. खाऱ्या हवेनं होल्डरच्या पिना गंजतात. बल्बची किंमत हे कारण मात्र आता फारसं उरलेलं नाही. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला होता. आणि टोकाच्या घरात, जिथं ट्यूब पेटत नव्हती, तिथं एलईडी त्याच अशक्त व्होल्टेजवर नीट लागला. त्या घरात हिशोब कुणी विचारलाच नाही.

(दृश्य: रात्र. कुलूप लावलेलं घर, खळ्यात पाचोळा. फटीतून पिवळा उजेड.)

शेवटचं घर चाकरमान्यांचं. घरात काळोख नको म्हणून जाताना एक दिवा लावून ठेवलेला. किल्ली मुंबईत. पडवीत मीटर लुकलुकतोय. मुलगा सवयीनं मोजायला लागतो. सतरा, अठरा, एकोणीस.

“साठचा आहे,” तो म्हणतो.

वहिनी तिथूनच मुंबईला फोन लावतात. पलीकडून उत्तर येतं, “गणपतीला येतोय ना, तेव्हा बदलू.”