सागरेश्वरचं कुंपण

नमस्कार मंडळी. श्रावणातल्या सोमवारी सागरेश्वरला जाऊन येणारे आपल्याकडं बरेच आहेत. दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा, घरनं आणलेली भाकरी-ठेचा झाडाखाली बसून खायची आणि एसटी पकडायची. देवळापासनं अभयारण्य काही लांब नाही, पण तिकडं फिरकायचं राहूनच जातं. आज तिथलं थोडं बोलू, आणि खरं सांगायचं तर तिथल्या कुंपणाचंच जास्त बोलू.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या मधे हे जंगल आहे. १०.८७ चौरस किलोमीटर, चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान ३१७ च्या पुढं, म्हणजे त्याच्यापुढं हे चिल्लरच. पण चांदोलीचं जंगल निसर्गानं दिलं आणि हे माणसांनी लावलं. आधी हे डोंगर उघडेबोडके, कुसळी आणि दगड, बाकी काही नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांना जोडलं, झाडं लागली, मग सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं.

आता गंमत बघा. सगळीकडनं कुंपण, उन्हाळ्यात पाणवठ्यात पाणी सोडायची सोय, आणि बराच काळ आत खाणारं मोठं जनावर कुणी नाही, तरस-कोल्हे काय धडधाकट सांबराला हात लावतात होय. मग वाढणारच की. आणि कुंपणाच्या पलीकडं काय, तर पाण्यावरचा हिरवागार ऊस, मका, हरभरा. आत गवत वाळलेलं आणि समोर ताट वाढलेलं, तुम्ही असता तर काय केलं असतं?

माझ्या आतेभावाचं रान त्या कुंपणाला लागूनच आहे. एकदा थंडीत मुक्कामाला होतो तर पहाटे मला उठवून घेऊन गेला. हरभऱ्याचे शेंडे असे सपाट झालेले की कुणी कात्री घेऊन बसलंय असं वाटावं, आणि पाटाच्या ओल्या मातीत खूर उमटलेले. म्हणाला, "हे बारकं चितळाचं, आणि हे बघ दादा, सांबर, तळहाताएवढं." चिडलेला होता, पण खुरं दाखवताना आवाजात कौतुक पण होतं, ते काही लपलं नाही. भरपाई मिळते म्हणतात, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलं पण जातं असं त्याचं म्हणणं.

यावर एक चांगला उपाय म्हणजे इथली काही चितळं पकडून चांदोलीकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडली. तिकडं वाघाला भक्ष्य पाहिजे, इकडं गर्दी कमी व्हायला पाहिजे. पकडायची पद्धत पण भारी आहे, बोमा म्हणतात तिला, आफ्रिकेतली. नरसाळ्यासारखी मोठी आडोशाची भिंत उभी करायची, रुंद तोंडानं कळप आत येतो आणि निमुळत्या टोकाला थेट गाडीत चढतो, म्हणजे इंजेक्शन देऊन बेशुद्ध करायची भानगड नाही. हरणाचं काळीज लई नाजूक, नुसत्या भीतीनं पण दगावतं.

म्हणून फिरायला जाणाऱ्यांना एकच सांगणं, तिथं हॉर्न आणि ब्लूटूथ स्पीकर नको. आणि चिप्स टाकू नका हो, पाकिटाला मीठ लागलेलं असतं आणि जनावर मिठासाठी प्लास्टिकसकट चघळतं. पहाटे जा, पाणवठ्यापासनं लांब बसा, आणि दहा मिनिटं मोबाईल खिशात ठेवा. आधी काहीच दिसत नाही, मग झुडपात नुसता एक कान हलतो, आणि मग कळतं की अख्खा कळप मघापासनं आपल्याकडंच बघत उभा आहे.

आतेभाऊ पण दर दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन तिकीट काढून आत जातो. मी म्हणलं, तुला रे कशाला, तुझ्या तर रानातच येतात. तर म्हणतो, "रात्रीची येतात, चेहरा कुठं दिसतोय. हरभरा कुणी खाल्ला ते पोरांना दाखवाय नको?"