माझा चतुर मेला कसा?

नमस्कार. हे चित्र बघा, जरा जवळ धरतो. चिनी ब्रशनं काढलेला चतुर, खाली लव्हाळ्याचं पान. आईला दाखवलं तर म्हणाली, "छान आहे की रे. पण हा मेलाय का?"

चला, तुमच्यासमोरच पोस्टमॉर्टेम करतो.

आधी पाय. सहा आहेत, मोजणी बरोबर. पण मागचे दोन मी पोटाला चिकटवलेत! किड्याचे सगळे पाय छातीला असतात. चतुराचे तर डोक्यामागं दाटीनं, पुढं झुकलेले. म्हणून तो काडी घट्ट धरून बसतो, चालण्यात मात्र अगदी ढ. माझा चतुर टेबलासारखा उभा आहे.

पंख चारही एकाच मापाचे, सीलिंग फॅनची पाती जणू. खरं तर मागची जोडी बुडाशी रुंद असते. शिवाय शिरा मी पानाच्याच काळ्याभोर शाईत ओढल्या. मग पंख पारदर्शक दिसणार कसा?

आता मुख्य गुन्हा. लहानपणी आपण जिला दोरा बांधायचो ना, (वाईट करायचो) ती शेपटी म्हणजे त्याचं पोट. दहा खंडांचं. ते एका दमात ओढायचं, प्रत्येक सांध्याला ब्रश किंचित थबकवत. उसाची पेरं आठवा, सांगलीत ती काय कमी आहेत? मला रेघ फिकी वाटली, म्हणून ओल्यावरच पुन्हा गिरवली. हा शुआन कागद. लोक राइस पेपर म्हणतात, पण तो झाडाची साल आणि भाताचं काड यांचा लगदा. शाई पडली की पितो, खोडायची सोयच नाही. हा फुगवटा दिसतोय? तिथंच गेला बिचारा.

पान मात्र झकास उतरलंय! दोन फटकारे, शाई संपत आली तिथं पांढऱ्या चिरा. काही विचारच केला नव्हता. चिनी चित्रकार ची बाय-शी (१८६४–१९५७) पानं अशीच मोकळी सोडायचे, पण किडा मिशांपर्यंत बारीक. मूळचे सुतार होते, हात तयार होता. माझा नाही, आणि डोळाही नाही.

म्हणून काल संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ घाटावर बसलो, ब्रश न नेता. एक चतुर उडायचा आणि फिरून त्याच काडीवर यायचा. बसला की पंख पुढं, खाली झुकवायचा. मी ते आडवे सपाट काढले होते!

हा नवा कागद. आधी डोळे. शाई जरा पातळ करतो, थांबा.