लाल रंगाआधी पाणी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

कापडावर काम करणारे कलाकार हल्ली पुष्कळ फिरतात. ठशांची छपाई बघायला कोणी भुजला जातं, कोणी जयपूरजवळच्या बगरूला, कोणी कलमकारी, म्हणजे कलमाने कापडावर काढलेली चित्रं, बघायला आंध्रात श्रीकालहस्तीला. परत येताना फोन फोटोंनी भरलेला, वहीत नक्षीची टिपणं, पिशवीत कापडाचे तुकडे. मग गुहागरला नाहीतर मालवणला, घरच्या पडवीत किंवा मांगरात थाटलेल्या स्टुडिओत काम सुरू होतं. मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळं, तिकडचीच, तुरटी तिकडचीच, मापंही तिकडचीच. आणि लाल काही उतरत नाही. उतरतो तो मळकट, जांभळट तपकिरी.

मग बोल लागतो मंजिष्ठेला, नाहीतर ती विकणाऱ्याला. पण घोटाळा बहुतेक वेळा पाण्यात असतो. आजचं बोलणं पाण्यावरच आहे. नक्षी काय, फोटोतही येते. पाण्याचा फोटो घेऊन उपयोग नाही.

यासाठी कच्छमधल्या धमडका गावाची हकिकत ऐका.

भुजच्या पूर्वेला धमडका म्हणून गाव आहे. तिथे सिंधमधून आलेले खत्री लोक पिढ्यानपिढ्या अजरख छापतात. अजरख म्हणजे गडद निळ्यात लाल, काळ्या आणि पांढऱ्या रंगाची भौमितिक नक्षी. एका कापडाला पंधराच्या आसपास पायऱ्या लागतात, आणि त्यातल्या कितीतरी पायऱ्या नुसत्या धुण्याच्या. आधी कापडाची खळ काढायची. मग एरंडेल आणि सोड्याच्या पाण्यात ते मुरवायचं. मग हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवायचं, की कापड पिवळसर होतं. त्यावर चुना आणि डिंकाने पांढऱ्या रेघा राखायच्या. त्यानंतर काळा छाप. तो काळा कशाचा, तर गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी दोन-तीन आठवडे आंबवून केलेल्या द्रावाचा. हिरडा आणि लोखंड भेटले की काळं होतं. हे लक्षात ठेवा, हिरडा आणि लोखंड भेटले की काळं. पुढे जिथे लाल हवा तिथे तुरटी छापायची, मग निळीच्या हौदात बुडी, आणि शेवटी लाल मुळांच्या पाण्यात कापड तापवायचं. तुरटी लागली तिथे लाल उमटतो.

हे सगळं चालायचं सारण नदीच्या जिवावर. मधल्या काळात स्वस्त रासायनिक रंग आले आणि जुनी पद्धत मागे पडली. १९७० च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंग पुन्हा हाती घेतले आणि मुलांना शिकवले. त्यांतले इस्माईल मोहम्मद खत्री यांना पुढे इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. जाता जाता बोलतो. आपल्याकडे प्रदर्शनात झगझगीत गुलाबी ओढणीवर 'नैसर्गिक रंग' अशी चिठ्ठी लावून विकतात ना, त्या विक्रेत्यांना आठवडाभर धमडक्यात कापड धुवायला बसवावं. असो.

मग आला २६ जानेवारी २००१ चा दिवस. सकाळी झेंडावंदनाच्या वेळी कच्छ हादरलं. धमडका जवळजवळ जमीनदोस्त झालं. माणसं गेली, घरं गेली, कारखाने गेले. घरं पुन्हा बांधता येतात, ठसे पुन्हा कोरून घेता येतात. पण जमिनीखालचंही गणित बदललं होतं. पाण्याची पातळी खाली गेली आणि पाण्यातलं लोह वाढलं. प्यायला बसलात तर तेवढं जाणवणार नाही. रंगाऱ्याला मात्र लगेच कळतं. कारण मघाशी सांगितलं ते, हिरडा आणि लोखंड भेटले की काळं. काळी रेघ काढायला जे लोखंड मुद्दाम गुळात आंबवायचं, तेच आता न बोलावता प्रत्येक धुण्यात हजर. हिरड्याचं पिवळं कापड करडं पडणार. लालाच्या जागी तुरटीबरोबर लोखंडही जाऊन बसणार, आणि लालाचा तपकिरी होणार. हात तेच, ठसे तेच, मुळं तीच, आणि रंग बिघडलेला.

त्या लोकांनी काय केलं? रंगाची कृती बदलली नाही. गावच बदललं. भुजजवळ जिथे पाणी कामाचं होतं तिथे जमीन घेऊन नवी वसाहत उभी केली आणि तिचं नाव ठेवलं अजरखपूर. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली, बरीच तिकडे गेली. लाल रंगासाठी, म्हणजे पाण्यासाठी, घरदार उचलून पलीकडे गेलेली माणसं आहेत ही. भुजला जाऊन आलेल्यांच्या वहीत अजरखची नक्षी सापडते, ठशांची मापंही सापडतात. तिथल्या पाण्याबद्दल एक ओळ क्वचित सापडते.

आता आपल्याकडे या. आपली जमीन जांभ्याची. जांभा तांबडा कशाने, तर लोहाने. बोअरचं पाणी काढताना नितळ दिसतं आणि तासाभराने बादलीच्या तळाला तांबूस साका बसतो, हे तुमच्यापैकी अनेकांना घरात दिसत असेल. तेच पाणी मंजिष्ठेच्या टोपात गेलं की काय होणार, ते आता सांगायला नको.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेचे दोन ग्लास घ्या. एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात पावसाचं साठवलेलं किंवा विकतचं बाटलीतलं. दोन्हीत अर्धा अर्धा चमचा हिरड्याची पूड ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. हिरडा मोठा घ्या, औषधाचा बाळहिरडा नको, आणि आठळी काढून फक्त वरचा गर कुटा. पाणी पिवळसर राहिलं तर ठीक. करडं, शाईसारखं झालं तर त्यात लोह आहे. पुन्हा सांगतो, पिवळं तर चालेल, करडं तर नको.

करडं झालं तर दोन वाटा. पहिली, पाणी उंचावरून या बादलीतून त्या बादलीत दहा-पंधरा वेळा ओता. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून वेगळं होतं. रात्रभर ठेवा, सकाळी तळ न हलवता वरचं पाणी काढा, सुती कापडातून गाळा आणि हिरड्याने पुन्हा तपासा. दुसरी वाट सोपी, पावसाचं पाणी. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नुसत्या १०० चौरस फूट छपरावरून हिशेबाने २५,००० लिटरच्या वर पाणी वाहून जातं. सुरुवातीच्या दोन-तीन सरी सोडून द्या, छपराची धूळ-शेवाळ जाऊ दे. छप्पर कौलारू असेल तर उत्तम. गंजका पत्रा असेल तर तुम्ही पुन्हा लोखंडच गोळा करताय. आणि ही भरभक्कम कौलं उतरवून निळे पत्रे चढवायची काय टूम निघाली आहे, मला कळत नाही. उन्हाळ्यात आत भट्टी, पावसात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.

पावसाच्या पाण्यात एक उणीव असते, कॅल्शियमची. मंजिष्ठेचा लाल खुलायला ते लागतं. कृष्णेच्या मुखाशी मच्छलीपट्टणकडे शिंपल्यांच्या जमिनीत वाढलेलं चाय मूळ, तेही मंजिष्ठेसारखं रंगाचं मूळ, लालासाठी नावाजलेलं होतं, ते उगीच नाही. कॅल्शियम कार्बोनेटची पूड रसायनांच्या दुकानात मिळते. शाळेतला खडू वापरू नका, तो बहुधा जिप्समचा असतो. खायचा चुनाही नको, त्याने रंग जांभळटाकडे वळतो.

आता कृती. शंभर ग्रॅम सुती कापड, साधारण एक पंचा, आणि दर वेळी तीन-साडेतीन लिटर पाणी. कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढा. पाणी पिवळं-तपकिरी निघतं, निघू दे. मग २० ग्रॅम हिरडा कोमट पाण्यात घालून त्यात कापड रात्रभर ठेवा. सकाळी पिळून, न धुता वाळवा. नंतर १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड तासभर, पुन्हा वाळवा, आणि मग एकदा हलकं धुवा. शेवटी ५० ते १०० ग्रॅम मंजिष्ठा पुरचुंडीत बांधून पाण्यात, त्यात चार ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. आच मंद, कापड सारखं हलतं ठेवा, तासभर. खळखळ उकळलंत तर लाल विटकरीकडे झुकतो.

भांडं स्टीलचं. लोखंडी कढई नको, ओरखडलेली पत्र्याची बादली नको. आणि वाळवण. हिरड्याचं ओलं कापड लोखंडी तारेवर टाकलं तर तारेच्या रेषेत काळा पट्टा उठतो, गंजक्या चिमट्याखाली काळा ठिपका, आणि तो जात नाही. सुंभावरही नको, ओल्या काथ्याचं तपकिरी पाणी उतरतं. नायलॉनची दोरी बांधा. पावसाळ्यात कापड दोन-दोन दिवस ओलं राहिलं तर बुरशी धरते, म्हणून हिरडा-तुरटीचं काम मेच्या आत उरका. वाळलेलं तुरटी लावलेलं कापड कोरड्या डब्यात ठेवा आणि पावसात, पागोळीच्या पाण्यावर रंगवा.

एक शेवटचं. प्रत्येक नमुन्यावर खूण हवी, कुठलं पाणी, किती तुरटी, किती मंजिष्ठा. शाई टोपात धुऊन जाते. परीट कपड्यांवर घालायचे ती बिब्ब्याची खूण उकळलं तरी जात नाही. फक्त बिब्बा काडीने लावा, बोटाने नको, अंगावर फोड येतात.

नमस्कार.