सुरगाठ

[दृश्य : पहाट. चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता. सायकलवर एक मुलगा, काखेत त्याच्याहून लांब काठी.]

सांगलीहून हरिपूरला जायचा हा रस्ता. दोन्ही बाजूंना चिंचा, इतक्या जुन्या की भर दुपारीही खाली ऊन कमी आणि सावली जास्त. रस्ता संपतो तिथं संगमेश्वराचं देऊळ. देवळाखालच्या घाटाशी वारणा येऊन कृष्णेला मिळते. पावसाळ्यात या घाटाच्या पायऱ्या मोजायला जाऊ नये. आत्ता मार्चात मात्र खुशाल मोजा.

काठीवाला पोरगा आपल्याच वाटेनं चाललाय. त्याच्या मागंमागं जाऊ.

[दृश्य : कौलारू घर. सोप्यात सतरंजी. चौदा मुलं, आवाज चाळीस मुलांचा.]

पाडव्याला चार दिवस आहेत. हे घर आहे एका निवृत्त शिक्षिकेचं. अख्खी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणते, आपणही बाईच म्हणू. दरवर्षी शिमगा सरला की त्या गल्लीतली पोरं गोळा करतात आणि सोप्यात गुढ्यांचा कारखाना सुरू होतो. फी नाही. अट एकच : विकतची गुढी आणायची नाही.

या अटीमागं एक गोष्ट आहे. मागं एका वर्षी कुणीतरी बाईंना बाजारातली तयार गुढी भेट दिली. वीतभर उंची, जरीचं कापड, चकचकीत गडू, खाली थर्माकोलचा पाट. दिसायला सुबक. खोटं कशाला बोलू, तसली एक माझ्याही घरी आहे, टीव्हीवर. बाईंनी ती संध्याकाळी उतरवायला घेतली, तर काहीच सुटेना. सगळं गोंदानं चिकटवलेलं. ओढलं तेव्हा कापड फाटलं आणि गडू काठीसकट हातात आला.

बाई म्हणतात, “जी उतरवता येत नाही, तिला गुढी कसं म्हणायचं? गुढी सकाळी उभारायची आणि दिवस मावळायच्या आत उतरवायची. म्हणजे ती बांधलेली हवी. चिकटवलेली नको.”

[दृश्य : काठ्यांचा भारा सुटतो. जवळून : चिव्याची पेरं.]

काठ्या बुरुडाकडून आल्यात, बांबूच्या. कळक नाही, चिवा. कळक जाड आणि आतून पोकळ, त्याची मोठी गुढी होते. चिवा बारीक पण भरीव, पोरांच्या मुठीत मावतो. सायकलवाला मुलगा बुरुडाच्याच घरचा. पेराच्या वर चार बोटं सोडून काठी कापायची, म्हणजे वर अडकवलेली वस्तू पेराशी अडते आणि खाली घसरत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. घरात सुपं-टोपल्या बघत वाढला, आपोआप आलं. आज सोप्यात त्याचा भाव बाईंच्या खालोखाल आहे.

तांब्याचा गडू चौदा पोरांना कुठून आणायचा? बाईंनी संक्रांतीची सुगडं जपून ठेवलीत. वाणवशाचं झालं की ती कुठंतरी कोपऱ्यात पडून राहतात, किंवा परसात कुंडी होऊन बसतात. इथं ती गेरूनं रंगतात, वर चुन्याची नक्षी, आणि गडूच्या जागी उपडी बसतात. पण सुगडाचं तोंड रुंद आणि काठी बारीक. सुगड डुगडुगतं. एकानं आत कागद कोंबला, दुसऱ्यानं माती. माती वाळून खाली सांडली.

मग एक आजी, बाईंच्या शेजारच्या, उठल्या. जुन्या लुगड्याचा पट्टा घेतला, पिळला, गोल वळवला. चुंबळ. डोक्यावर घागर ठेवायची तीच चुंबळ, फक्त लिंबाएवढी. काठीच्या टोकावर ती बसवली, वर सुगड. हललं नाही. चौदातल्या एकाही मुलीनं आजवर डोक्यावर घागर घेतलेली नाही, आणि नाही घेतली हे बरंच आहे. पण चुंबळ सगळ्यांना जमली.

[दृश्य : शिंप्याकडची गाठोडी. खणाचे तुकडे, काठ, चुण्या घालणारे हात.]

कापड शिंप्याकडचं, उरलेल्या खणांचे तुकडे. त्याच्या चुण्या घालायच्या. मुलींना वाटलं हे आपलं काम, आणि सगळ्यात सरळ चुणी घातली ती एका नववीतल्या पोरानं, जो बोलतही नव्हता. पुढं जाऊ.

[दृश्य : वाटीत हळद. पांढऱ्या सुताची गुंडी.]

इथं थांबायला हवं. कारण सांगलीत येऊन हळदीवरून घाईनं पुढं जाणं बरं नव्हे.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हरिपूरची हळदीशी ओळख त्याच्या कितीतरी आधीची. इथं हळद गोदामात नाही, जमिनीच्या पोटात ठेवायचे. त्या खड्ड्याला पेव म्हणतात. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत खोलीएवढी जागा. माती अशी, की आतल्या हळदीला वर्षानुवर्षं ओल नाही की कीड नाही. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं, आणि त्यातली बहुतेक खाली गेली ती गेलीच. आता बहुतेकांच्या बोलण्यात पेव उरलंय ते ‘पेव फुटणं’ या वाक्प्रचारापुरतं.

ही वाटीतली हळद ओळखीच्या शेतकऱ्याकडची, याच हंगामातली. फेब्रुवारी-मार्चात काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. म्हणजे पाडव्याला नवी हळद घरात असतेच. पोरं सूत हळदीच्या पाण्यात बुडवतात. पिवळं सूत दोरीवर वाळतं. आणि मग शेजारच्या आजी आपला पानाचा डबा उघडतात.

[जवळून : बोटाच्या टोकावर चुना. चुन्याच्या पाण्यात अर्धं बुडवलेलं पिवळं सूत.]

बघा.

लाल.

कुंकू असंच होतं, हळद आणि चुना एकत्र येऊन. पोरांनी हे पुस्तकात वाचलंय, पण तिथं रंग बदलत नाही. आता एकाला आठवलं की आंबटानं उलटं होतं. लिंबू आलं. पिळलं. सूत पुन्हा पिवळं! पुन्हा चुना, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू. हा खेळ अर्धा तास चालला आणि कुणी थांबवला नाही. शेवटी अर्धं लिंबू उरलं. ते लक्षात ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

[दृश्य : परसातली चूल. कढई. जमिनीवर रांगोळीची आडवी रेघ.]

आता साखरेची गाठी. रेघेच्या अलीकडं पोरं, पलीकडं बाई आणि कढई. पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. म्हणून रेघ.

हलवायांकडं गाठीला सागवानी साचे असतात. फळीत खळगे कोरलेले, पाण्यात भिजवून ठेवलेले, म्हणजे गाठी चिकटत नाही. खळग्यांतून दोरा ओढून घेतात, वर पाक ओततात, पाऊण तासाच्या आत माळ तयार. बाईंकडं साचा नाही. त्यांच्याकडं आप्पेपात्र आहे. सात खळगे, तुपाचं बोट फिरवलेलं, आणि त्यांच्यातून वेटोळं घेत गेलेला तोच हळदीचा दोरा.

एक वाटी साखर, पाव वाटी पाणी. पाक उकळला की चमचाभर दूध. दुधानं साखरेतला मळ फेसाबरोबर वर येतो, तो झाऱ्यानं काढून टाकायचा. मग पाक आटवायचा, खाली उतरवायचा आणि घोटायचा. घोटता घोटता तो गढूळतो, पांढरा होतो, कडेला दाणा धरतो. तेवढ्यात ओतायचा. अलीकडं ओतला तर सेट होत नाही, पलीकडं गेला तर कढईतच दगड.

पहिला घाणा बाईंनी घोट घोट घोटला. पांढरा होईना. हात भरून आले. तसाच ओतला. अर्ध्या तासानं आप्पेपात्र उपडं केलं, तर गाठी काचेसारख्या आरपार, आणि बोटांना चिकटून तार निघतेय.

चौकशी बसली. आरोपी लवकरच सापडला, आठ वर्षांचा. साखर कढईत पडली होती, चूल पेटायची होती, तेव्हा त्यानं ते उरलेलं अर्धं लिंबू आत पिळलं होतं. “आई गुलाबजामच्या पाकात पिळती की!”

बाई रागावल्या नाहीत. खरं तर खूश झाल्या, असं मला कॅमेऱ्यामागून वाटलं. म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. गुलाबजामच्या पाकात साखर परत जमू नये म्हणूनच लिंबू. आंबटानं दाणा धरत नाही. आणि आपल्याला इथं दाणाच हवाय.”

दुसरा घाणा झकास झाला. शुभ्र, टणक, नखानं टक्‌ वाजणारा. पहिला घाणा फुकट गेला असं समजू नका. तो काडीला गुंडाळून चौदा जणांनी चोखून संपवला.

[दृश्य : सोप्यात पुन्हा सगळे. प्रत्येकाच्या हातात काठी, कापड, सूत.]

सगळं सामान तयार. काठी, चुंबळ, सुगड, खण, गाठी. आता बांधायचं. आणि इथं घोडं अडलं.

बाईंनी सुरगाठ दाखवली. दोरा काठीभोवती दोन वेढे. टोक आरपार ओढून घ्यायचं नाही, दुमडून त्याचा फास खोचायचा. गाठ पक्की बसते, आणि मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. जनावराच्या दाव्याची गाठ, परकराच्या नाडीची गाठ. हीच टोक आरपार ओढून आवळली, की निरगाठ. ती बांधायला सोपी, सोडायला दात लागतात.

पोरांना निरगाठच येते. मी विचारलं, बुटाची नाडी कोण बांधतं? चौदातले चार हात वर. बाकीच्यांच्या बुटांना चिकटपट्टी. एकीची आई बांधते. तासभर सुरगाठीचा सराव झाला, खिडकीच्या गजाला, खुर्चीच्या पायाला, एकमेकांच्या मनगटाला. बुरुडाच्या पोरानं डोळे मिटून बांधून दाखवली. धाकट्या लिंबूवाल्याला मात्र जमेना. तो म्हणाला, “माझी घट्ट आहे, बाई. वाऱ्यानं पडणार न्हाई.”

बाई म्हणाल्या, “बरं.”

[दृश्य : पाडवा. सकाळ. रांगोळी. मोठी गुढी आणि कठड्याशी ओळीनं चौदा लहान गुढ्या.]

१९ मार्च २०२६. चैत्र शुद्ध प्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांतला एक. मोठ्या गुढीला जरीची साडी, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, गाठी, वर तांब्याचा गडू. लहान गुढ्यांना तेच सगळं, आपापल्या मापानं.

पंचांग पुजून झाल्यावर बाई ते उघडतात. आधी गणित. दोन हजार सव्वीस वजा अठ्ठ्याहत्तर? “एकोणीसशे अठ्ठेचाळीस!” शके १९४८. संवत्सराचं नाव? बाई वाचतात : पराभव.

सोपा गप्प. दहावीच्या पोरीचा पेपर नुकताच झालाय. बाकीच्यांच्या परीक्षा एप्रिलात. “बाई, आत्ताच पराभव?”

बाई पोट धरून हसल्या. संवत्सरांची नावं साठ, ती फिरून फिरून येतात. याआधी पराभव आला होता १९६६ साली. “त्याच वर्षी मी जन्मले,” बाई म्हणाल्या. “बघा आता काय ते.”

कडुनिंबाची चटणी वाटली गेली. कोवळी पानं, फुलं, गूळ, जिरं, ओवा, मीठ आणि रस्त्यावरच्या झाडाची चिंच. चेहऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, पडद्यावर दिसतायत. शेजारच्या आजींचं माहेर कर्नाटकातलं, अथणीकडचं. त्यांच्या तोंडी आजची ‘युगादी’, आणि चटणी नाही, ‘बेवू-बेल्ल’, नुसता कडुनिंब आणि गूळ. त्यांच्या मते ओवा घालणं म्हणजे पळवाट.

दुपारी नदीकडून वारा सुटला. चार गुढ्या कलल्या, एक आडवी झाली. लिंबूवाल्याची ताठ उभी. त्यानं ते सगळ्यांना जाऊन सांगितलं. दोनदा.

[दृश्य : संध्याकाळ. तिरपं ऊन. हळद-कुंकू वाहणारे हात.]

[निवेदन थांबतं. फक्त आवाज : दोऱ्याचं टोक ओढल्याचा सर्र आवाज, एकामागून एक. सुगड पाटावर ठेवल्याचा टण्‌ आवाज. पोरांचं हसणं.]

तेरा गुढ्या उतरल्या. खण घडी करून डब्यात, सुगडं पुढच्या वर्षासाठी फडताळात, काठ्या माळ्यावर. गाठीचे तुकडे तळहातांवर.

चौदावी अजून कठड्याशी. दिवसभर वाऱ्यानं दोरा आवळत गेला होता, आणि वर दहा-बारा वेळा घट्ट केलेला. आधी नखं लावून झाली. मग दात. मोठ्या मुलीनं कात्री आणली, तर त्यानं काठी छातीशी धरली. कापायचं नाही म्हणजे नाही.

बाई आत गेल्या आणि दाभण घेऊन आल्या. हळदीची पोती शिवायचं, जुनं, टोकाला जरा वाकलेलं. त्याच्या हातात दिलं आणि चहा टाकायला निघून गेल्या.

[दृश्य : पायरीवर एकटा मुलगा. जवळून : लाल-पिवळ्या दोऱ्यात घुसणारं दाभणाचं टोक.]

दिवेलागण झाली. उजेड संपला तसं आम्ही चित्रीकरण थांबवलं. कॅमेरा पेटीत गेला. आवाजाचं यंत्र बंद करायचं मात्र राहून गेलं होतं.

[पडदा काळा. भांड्यांचा आवाज. लांब कुठंतरी देवळातली घंटा. मग मुलाचा आवाज :]

“बाई! सुटली!”

[क्षणभर शांतता.]

“…माझी गाठी कुणी खाल्ली?”