दहाचे ठोके आणि एक हात

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्यातली रात्र आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यात, वाड्याबाहेरच्या मोठ्या झाडाखाली तीन माणसं अंधारात बसली आहेत. महापौरांची पत्नी मादाम द रेनाल, तिची मैत्रीण, आणि मुलांना शिकवायला ठेवलेला ज्युलियाँ सोरेल. घर खानदानी, आणि हा पोरगा लाकूड कापायच्या गिरणीवाल्याचा. आदल्या संध्याकाळी हातवारे करत बोलताना त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकलेल्या तिच्या हाताला लागला. तिनं हात झटकन मागे घेतला. ते त्याच्या मनाला लागलं. आज त्यानं स्वतःला बजावलंय: दहाचे ठोके पडतील तेव्हा हा हात धरायचा, नाहीतर खोलीत जाऊन डोक्यात गोळी घालून घ्यायची.

स्तांदालची ही कादंबरी १८३० सालची, 'तांबडे आणि काळे'. दहाचा शेवटचा ठोका विरतोय न विरतोय तोच ज्युलियाँ हात धरतो. ती सोडवून घेते. तो पुन्हा धरतो. हात बर्फासारखा गार. ती एकदा शेवटचा प्रयत्न करते आणि मग हात त्याच्या हातात राहतो. त्या क्षणी ज्युलियाँच्या मनात प्रेम नसतंच. एक भयंकर परीक्षा संपली, एवढाच सुटकेचा आनंद असतो.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या पुढच्या चार ओळींत. वाऱ्यानं एक फुलांची कुंडी कलंडते. मादाम द रेनाल ती उचलायला उठते, म्हणजे हात सुटतो. आता सुटका झालीच होती की! परत येऊन बसल्यावर मात्र ती तो हात जवळजवळ आपण होऊनच त्याच्या हातात देते, जणू हे दोघांमध्ये आधीच ठरलेलं होतं. ज्युलियाँनं धरलेला हात म्हणजे त्यानं मारलेली बाजी होती. तिनं परत दिलेल्या हाताला मी प्रेम म्हणते.

जुन्या फ्रेंच कादंबऱ्यांतल्या बायकांना तोंड उघडायची सोय नव्हती. दिवाणखान्यात चार माणसं, दाराशी नोकर, शेजारी नवरा. फ्रेंचमध्ये लग्नाची मागणी घालण्याला 'हात मागणे' म्हणतात, आणि आपल्याकडे तर लग्नाच्या विधीचं नावच पाणिग्रहण. हात एकदा रीतसर दिला की तो नवऱ्याचा. मग दुसऱ्या कुणासाठी उरतं काय? तर हाताची एखादी बारीकशी हालचाल, आणि कधीकधी तीही आवरून धरणं.

बाल्झाकच्या १८३६ मधल्या 'दरीतली लिली' या कादंबरीत मादाम द मोर्सोफ तरुण फेलिक्सला हाताचं चुंबन घेऊ देते, पण फक्त वरच्या बाजूचं. तळहात कधीच देत नाही. फेलिक्सला वाटतं, तिच्या लेखी देहसुखाची हद्द कदाचित तिथूनच सुरू होत असावी. आपण 'हातचं राखून' म्हणतो ना, ते इथे अक्षरशः घडतं.

आणि आता माझी सगळ्यांत लाडकी. मादाम द लाफायेत यांची 'क्लेव्हची राजकन्या', १६७८ साली लेखिकेच्या नावाशिवाय छापलेली. काळ फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबाराचा. युवराज्ञी पलंगावर बसून हळू आवाजात बोलतेय, विवाहित राजकन्या तिच्यासमोर उभी. अर्धवट ओढलेल्या पडद्यातून राजकन्येला दिसतं की पलंगाच्या पायथ्याशी, तिच्यावर मन जडलेला नमूरचा ड्यूक टेबलाला पाठ टेकून उभा आहे. मान न वळवता तो टेबलावरचं काहीतरी अलगद उचलतो. तिचंच छोटं चित्र! तिच्या नवऱ्याच्या मालकीचं.

ओरडावं? मग सगळ्या दरबाराला कळेल. एकांतात परत मागावं? म्हणजे त्याला प्रेम बोलून दाखवायला वाटच करून देणं. ती गप्प राहते. आपण दिलंय हे त्याला कळू न देता काही देता आलं, याचं तिला आतून सुखही वाटतं. पण त्यानं तिची नजर पाहिलेली असते. तो जवळ येऊन हळूच म्हणतो की, पाहिलं असलंत तर पाहिलं नाही असंच मला समजू द्या. आणि उत्तराची वाट न बघता निघून जातो. तिचा हात पूर्ण प्रसंगात जागचा हललेला नाही. मला तरी त्या न हललेल्या हाताइतकी स्पष्ट कबुली दुसरी कुठली वाटत नाही.

पुढे कुलोमिएच्या, म्हणजे तिच्या गावाकडच्या वाड्याच्या बागेत, रात्री, नमूर खिडकीबाहेर लपून उभा असतो. आत ती एकटी. समोर टोपल्यांत फिती. त्यातून ती नेमके त्याच्या स्पर्धेतल्या पोशाखाचे रंग निवडते आणि एका छडीवर गाठी बांधत बसते. छडी इंडीजची, एकेकाळी त्याच्याच हातातली. त्यानं ती बहिणीला दिली होती आणि बहिणीकडून हिनं ओळख न दाखवता घेतली होती. त्या गाठी तो बाहेरून बघतो. प्रेमाचं एवढं उघड बोलणं ती त्याच्यासमोर कधी बोललेली नाही, आणि इथे तर तिच्या लेखी तो आहेच कुठे?

तो पुढे सरकतो. त्याचं उपरणं खिडकीत अडकून आवाज होतो. ती मान वळवते, तोच असावा असं तिला वाटतं, आणि पुन्हा मागे न बघता ती दासींच्या खोलीत निघून जाते.