कामावरून आल्यावर

[फ्लॉइडचं दुकान. लाकडी जमिनीवर नाचणारे पाय, फक्त पाय.]

बुटांच्या टाचांना पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या आहेत, म्हणून प्रत्येक ठेका असा खणखणीत उमटतो. आठवडाभर हे पाय गोठ्यात असतात, काउंटरमागे असतात, ट्रकच्या क्लचवर असतात. शुक्रवारी संध्याकाळी ते इथे येतात.

हे फ्लॉइड. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा नैर्ऋत्य कोपरा, ॲपलाचियन डोंगररांगांमधलं गाव. अख्ख्या काउंटीत सिग्नल एकच. ऐंशीच्या दशकात या दुकानाचा मालक आणि त्याचे दोस्त शुक्रवारी दुकान बंद करून आत वाजवत बसायचे. बाहेरून जाणारे दार ठोठावून आत यायला लागले. त्यातून हा जलसा उभा राहिला.

पहिला तास गॉस्पेलचा, येशूच्या गाण्यांचा. तो संपला की फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो हे तंतुवाद्य पुढे येतात आणि मग हे पाय.

[बँजोवरचा हात, अगदी जवळून.]

कंट्री आणि ब्लूग्रास म्हटलं की जगाला नॅशव्हिलचे झगमगते मंच आठवतात. पण हे संगीत घडवलं कामकरी माणसांनी. याच भागातल्या फ्रीझ गावच्या सूतगिरणीत राबणारा हेन्री व्हिटर १९२३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन गाणी रेकॉर्ड करून आला. १९४५ मध्ये ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मनरोच्या बँडमध्ये येऊन ज्यानं तीन बोटांनी बँजोचं वळणच बदलून टाकलं, तो अर्ल स्क्रग्जसुद्धा गिरणीतच काम करत होता. फ्रीझची गिरणी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद झाली, पुढे शेजारच्या गेलॅक्समधले फर्निचरचे बरेच कारखानेही गेले, आणि पुष्कळ तरुण गाव सोडून गेले.

[हिल्टन्स. क्लिंच डोंगराच्या पायथ्याचं लाकडी घर, जुने फोटो.]

या दरीचं नाव पुअर व्हॅली. इथे ए. पी. कार्टर, पुढे गाजलेल्या ‘कार्टर फॅमिली’ या गायकमंडळाचा प्रमुख, फळझाडांची रोपं विकत गावोगाव हिंडायचा. १९२७ च्या उन्हाळ्यात बातमी आली, की व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर जवळच्या ब्रिस्टल शहरात आलाय आणि गाणाऱ्यांना पैसे देतोय. ए. पी.नं भावाकडे गाडी मागितली. भावानं दिली, पण त्याच्या मक्याच्या शेताची निंदणी करून द्यायच्या बोलीवर! गाडीत बायको सारा, तिचं तान्हं बाळ, बाळाला सांभाळायला मोठी मुलगी आणि भावजय मेबेल. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेले. अंतर चाळीसेक किलोमीटरचं, पण रस्ते मातीचे, वाटेत चाक पंक्चर.

१ ऑगस्टला टोपीच्या कंपनीच्या एका इमारतीत ते गायले, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन दिवसांत सहा गाणी, गाण्याला पन्नास डॉलर. मेबेल अंगठ्यानं गिटारच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर ठेका धरायची. आज जगभर गिटार शिकणारी मुलं तिचा हा हात गिरवतात.

[लेस्ली रिडलचा फोटो. तो जरा वेळ राहू द्यावा.]

हा चेहरा लक्षात ठेवा. लेस्ली रिडल, नॉर्थ कॅरोलायनाचा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा पाय गेला. ए. पी. त्याला बरोबर घेऊन डोंगरातल्या घराघरांत गाणी गोळा करायचा. शब्द ए. पी. उतरवून घ्यायचा, चाल रिडलच्या डोक्यात राहायची. मेबेलही त्याच्याकडून शिकली. तबकड्यांवर मात्र त्याचं नाव नाही. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचं, हेही इथे मोठ्यानं सांगायला हवं.

[शनिवारची रात्र. सभागृह, जुन्या बसच्या सीटवर बसलेली माणसं.]

ए. पी. १९६० मध्ये गेला. जाण्याआधी मुलीकडून, जॅनेटकडून, त्यानं शब्द घेतला होता, की हे संगीत बंद पडू द्यायचं नाही. जॅनेट शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. १९७४ मध्ये तिनं वडिलांच्या जुन्या किराणा दुकानात शनिवारचे कार्यक्रम सुरू केले. गर्दी मावेना, तेव्हा भाऊ ज्यो यानं हे सभागृह बांधलं. नियम तिचाच: दारू नाही, आणि विजेवर चालणारं वाद्य नाही. अपवाद फक्त प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशचा, तो घरचा जावई. बायको जून, म्हणजे मेबेलची मुलगी, वारल्यावर दोनच महिन्यांत, ५ जुलै २००३ ला, तो इथेच शेवटचं गायला.

जॅनेट २००६ मध्ये गेली. आता तिची मुलगी रीटा हे सांभाळते.

[रग्बी गाव. वेन हेंडरसनचं वर्कशॉप. खिशातला चाकू, लाकडाच्या पातळ ढलप्या.]

वेन हेंडरसन. तीस वर्षांहून जास्त काळ यानं याच डोंगरात घरोघर टपाल वाटलं आणि उरलेल्या वेळात गिटारी घडवल्या. लहानपणी कपाटाच्या खणाचा तळ काढून त्यानं गिटार केली होती. उन्हात डिंक विरघळला आणि ती सुटून पडली. मग वडील त्याला फिडल बनवणाऱ्या अल्बर्ट हॅशकडे घेऊन गेले.

आता हात बघा. गिटारची पुढची फळी स्प्रूस नावाच्या लाकडाची, तिच्या आत आधाराच्या पट्ट्या. चाकूनं पट्टी थोडी तासायची, फळी बोटानं ठोकून ऐकायची, पुन्हा तासायची. पट्टी जाड राहिली तर आवाज कोंडतो, जास्त तासली तर तारांच्या ताणानं फळी फुगते. यावर मोजपट्टी चालत नाही, कान लागतो. एरिक क्लॅप्टनसारख्या जगप्रसिद्ध गिटारवादकालाही आपल्या गिटारीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. १९९५ मध्ये देशानं या टपालवाल्याला लोककलावंतांसाठीची नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली. ती त्याला कितीतरी आधी मिळायला हवी होती, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[रविवार. डोंगरातलं छोटं चर्च, बाहेरून.]

ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये एकही वाद्य नाही. भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि मंडळानं उचलावी, तसं एक जण ओळ म्हणतो आणि सगळे ती संथ, लांबवून गातात. आवाज ऐका.

[शाळेची खोली. लहान मुलं, फिडली.]

२००० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या स्पार्टा गावात हेलन व्हाइट या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी शाळा सुटल्यावरचे हे वर्ग सुरू केले. आता अशा वर्गांचं जाळं शेजारच्या राज्यांतही पसरलंय. मुलं कानानं शिकतात, शिकवणारे गावातलेच वादक. गेलॅक्सला १९३५ पासून फिडलवाल्यांचा मोठा मेळा भरतो, आता तो ऑगस्टमध्ये असतो. तंबू पडतात, मैदानात रात्रभर वाजवणं चालतं. स्पर्धा आठवडाभर असते. पहिला दिवस सोमवार, तो मुलांचा.