रात्री तीन वाजता बाळाला कुठे झोपवाल?

नमस्कार मंडळी! आज ऐरोलीतल्या आमच्या बेडरूममधूनच बोलतेय.

(बाळाची गादी कॅमेऱ्यासमोर धरून) ही ओळखलीत ना? छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, खाली गुबगुबीत गादी, एक उशी, दोन्ही बाजूंना छोटे लोड. बारशाला एक तरी येतेच. आता बघा हं. (गादीवर मूठ दाबते) मूठ काढली तरी खड्डा तसाच. दोन महिन्यांच्या बाळाचं नाक या खड्ड्यात रुतलं तर मान वळवून ते बाहेर काढायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून झोपायला ही गुबगुबीत गादी नको, आणि उशी, लोडही बाजूला. मोहरीची उशीसुद्धा, हो! डोकं गोल व्हायला हवं असेल तर बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथं ठेवा. मच्छरदाणी मात्र हवीच. खाडीकाठी राहतो आपण. फक्त ती ताणलेली असू दे, चेहऱ्यावर लोंबायला नको. कॉइल आणि सिगारेटचा धूर बाळाच्या खोलीत अजिबात नको.

झोपवायचं पाठीवर. दुपारीही आणि रात्रीही. इथे घरोघरी आजी म्हणतात, "अगं, दूध उलटलं तर ठसका लागेल, कुशीवर ठेव." आजींची भीती खोटी नाही, पण शरीराची रचना बघा. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खालीच राहतं, बाळ ते गिळतं किंवा बाहेर टाकतं. पालथं घातलं की हे उलटं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली पालथं झोपवू नका असं सांगितलं, 1994 पासून तिथे त्याची मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजींना हे सांगून बघा. वाद घालू नका, उताणं-पालथं हाताने दाखवा, लवकर पटतं.

हे सगळं रात्री नऊला सगळ्यांनाच जमतं. घोळ होतो तो तीनला. तिसऱ्यांदा दूध पाजायला उठलेली आई हॉलमधल्या सोफ्यावर टेकते, आणि तिथेच डोळा लागतो. सोफा ही सगळ्यात धोक्याची जागा. बाळ तुमच्या आणि सोफ्याच्या पाठीच्या मधल्या फटीत घसरतं, आणि तुम्हाला कळतही नाही. पेंग येतेय असं वाटलं तर सोफ्यापेक्षा पलंगावर बसून पाजा, पण आधी उशा आणि पांघरुणं लांब सारा. जाग आली की बाळ लगेच त्याच्या जागेवर. आणि बाबा लोकहो, तीनच्या फीडला आईसोबत उठा. पाजून झालं की बाळाला जागेवर ठेवायचं काम तुमचं.

त्याची जागा कुठली? तुमच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने, पण वेगळ्या गादीवर. वन रूम किचनमध्ये पाळणा मावत नाही, मान्य. खाली अंथरुणं घालत असाल तर आईच्या हाताच्या अंतरावर बाळाची स्वतःची पातळ, घट्ट, सपाट गादी टाका. जुनी कापसाची असेल तर हात फिरवून गोळे झालेत का बघा. पांघरूण सामायिक नको, आणि मोठ्या भावंडाला मध्ये झोपवू नका. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून रात्रभर झोळी नकोच.

एसी लावलात तरी झोपताना टोपडं काढा. हातपाय गार लागले म्हणून दुपट्यावर दुपटी चढवू नका. मानेमागे हात लावा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करायचा. दुपट्यात गुंडाळत असाल तर कूस बदलायची चिन्हं दिसताच ते बंद.

कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न आत्ताच घेते: रात्री बाळ आपणहून पालथं झालं तर? दोन्ही बाजूंनी स्वतः वळता येत असेल तर राहू द्या तसंच. ठेवताना पाठीवर ठेवायचं, एवढंच तुमच्या हातात. दर अर्ध्या तासाने उठून सरळ करत बसू नका, झोपा जरा.